पहिला उकार

१२ फेब्रुवारी

ऑपरेशन आटोपलं. उजव्या स्वरतंतूवरची गाठ निघाली. डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "दिसायला साधी आहे. तपासणीचा कागद आला की नक्की सांगेन. तोवर त्याने तोंड उघडायचं ते फक्त जेवायला."

बोलायचं नाही. गुणगुणायचं नाही. खाकरायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही – कुजबुजताना तंतूंवर उलट जास्त ताण येतो म्हणे. सगळी नोकरी वर्गातली कुजबुज बंद करण्यात गेली, शास्त्रीय कारण मात्र आज कळलं.

"गाता येईल ना?" त्याच्या वतीने मीच विचारलं.

"बोलता येईल, एवढं आज सांगते. गाण्याचं मला आत्ता विचारू नका."

गोड बोलून वेळ मारून नेली नाही. बाई आवडल्या. हात स्वच्छ, बोलणं स्वच्छ. त्यांचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "आभार नंतर. आधी त्याला गप्प ठेवा." ते काम माझ्याइतकं कुणाला जमणार?

स्वारी माझ्याकडेच उतरली आहे. त्याच्या मोठ्या घरात माणसं पुष्कळ, पण कुणी हिशेब सांगायला, कुणी गाडी चालवायला. गप्प बसवायला कुणी नाही. ज्याच्या गाण्याला मैदानं अपुरी पडतात तो एक पिशवी घेऊन ह्यांच्या जुन्या खोलीत येऊन पडला आहे. पाय पलंगाबाहेर.

उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी बोलत सुटणं म्हणजे दांडगाई. म्हणून हे वहीत.

१३ फेब्रुवारी

त्याला जे हवं ते तो फोनवर टाइप करतो आणि फोन माझ्या नाकासमोर धरतो. सकाळी धरला – "बाई पाणि."

पाणी दिलं. वेलांटी दुसरी, हेही सांगितलं. पहिली दिलीस तर अर्थ हात असा होतो, हेही. हसला – आवाज न करता. खांदे तेवढे हलले.

चाळिशी उलटली, दाढीत पांढरं आलं, तरी मी "बाई"च. त्याचं कारण सरळ आहे. पाचवीत माझ्या वर्गात होता. तिसरा बाक, तोंड खिडकीकडे. आई आदल्याच वर्षी गेलेली. तो सहावीत गेला आणि त्याच्या वडिलांशी माझं लग्न झालं. पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारात दप्तर घेऊन उभा. "बाई, शाळेत तुमच्याबरोबर यायचं की पुढे जायचं?"

हे पेपरामागे तोंड लपवून हसत होते. मी म्हटलं, "पुढे हो. उशीर करू नकोस." तेच पुढे चालू राहिलं. शुद्धलेखन सांगून सुधारता येतं. हाक सांगून बदलत नाही. मी तिच्या वाटेला गेले नाही.

१५ फेब्रुवारी

आज एक फार चांगली गोष्ट झाली.

गाण्यांच्या कंपनीतल्या मुलीचा फोन आला. चुणचुणीत आहे, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओके?" विचारते. स्वारीच्या बँडच्या पहिल्या अल्बमची नवी आवृत्ती निघते आहे, सोबत छोटी पुस्तिका. त्यात बँडच्या नावामागची गोष्ट हवी. "मॅडम, त्या वेळचं तुमच्याइतकं जुनं दुसरं कुणी नाही, ओके?" ओके.

आणि पुढे – मला खुर्ची ओढून बसावं लागलं – ह्या आवृत्तीपासून नावाचं शुद्धलेखन दुरुस्त करायचा विचार आहे! कारण त्यांचं एक गाणं आठवीच्या पाठ्यपुस्तकात लागतं आहे. गाण्याखाली बँडचं नाव छापायचं तर ते चुकीचं कसं छापणार? मंडळाच्या लोकांनी विचारलं, "'सुत' की 'सूत'?" कंपनीकडे उत्तर नव्हतं. बँडमधल्या दोघांनी "दुसरा उकार चालेल" असं कळवलंय. स्वारीचं कळायचं आहे. महिनाअखेर छपाई.

"तुम्ही त्यांना विचाराल का, मॅडम? ते फोन उचलत नाहीत."

"उचलून काय करेल? त्याला बोलायची बंदी आहे," मी म्हटलं. "मी बघते."

इतकी वर्षं ह्याच फोनची वाट पाहत होते मी. पाठ्यपुस्तकवाल्यांचं भलं होवो. कुणाला तरी उकाराची चाड आहे.

१६ फेब्रुवारी

पुस्तिकेसाठी लिहायला बसले. पहिला खर्डा इथेच.

ह्यांचं शिवणदोऱ्यांचं दुकान होतं. शिंप्यांना लागणारी रिळं, घाऊक. मागे गोदाम. भिंतीला लागून छतापर्यंत रिळांची खोकी. कॉलेजात गेल्यावर स्वारी आणि दोन मित्र संध्याकाळी त्या गोदामात वाजवायचे. एक ड्रमवाला – त्याला तेव्हापासून ढोलक्या म्हणतात, आता बायकोही तेच म्हणते. दुसरा जाड तारांची गिटार वाजवतो म्हणून जाड्या – अंगाने काडी. "खोक्यांनी आमचा आवाज गिळला, म्हणून शेजाऱ्यांनी आम्हाला गिळलं नाही," हे ढोलक्याचं वाक्य. मुलाखतींमधून शंभरदा छापून आलंय.

कॉलेजच्या कार्यक्रमात त्यांना पहिल्यांदा वाजवायला मिळालं. फलकावर नाव हवं होतं, नाव ठरत नव्हतं. ढोलक्याला काहीतरी वाघ-बिघ हवा होता. जाड्याला इंग्रजी. मी चहा घेऊन गोदामात गेले तेव्हा दोघं हमरीतुमरीवर आलेले. स्वारी मात्र खाली मांडी घालून बसलेली. खोक्याचा पुठ्ठा उलटा करून त्याने ब्रशने दोन अक्षरं काढली.

सुत.

ढोलक्या वाकून बघत म्हणाला, "सूत? हां, आपलं सूत जुळलंच आहे की! आणि बसलोय पण सुतातच." झालं. नाव पक्कं.

मी ट्रे खाली ठेवला. "उकार दुसरा." लाल पेन्सिल पर्समध्ये असायचीच. दुरुस्त करायला वाकले तर त्याने पुठ्ठा पाठीमागे घेतला.

"राहू दे, बाई. असंच पाहिजे."

एवढा मोठा झाला की मुलगा चूक कबूल करत नाही. शिवाय कार्यक्रमाला तासच उरला होता. मी सोडून दिलं. लोकांनी मात्र सोडलं नाही.

आता ती चूक पोरांच्या छातीवर छापलेली दिसते. बसमध्ये एकाला मी सांगायला गेले. तो म्हणाला, "आजी, ती चूक नाही. ते बंड आहे." कुणी म्हणतं, उकार आखूड कारण धागा तुटला. कुणी म्हणतं, आयुष्य आखूड. एका प्राध्यापकांनी तर लेख लिहिला – सुत म्हणजे पुत्र, गोदाम बापाचं, म्हणून नाव बापाला अर्पण. तो मी ढोलक्याला वाचून दाखवला होता. तो म्हणाला, "बाई, आम्ही बारावीला दोनदा बसलो. आम्हाला संस्कृत शब्द सुचेल असं ह्या गृहस्थांना वाटलं, त्यांचे उपकार आहेत."

नियम साधा आहे. मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षराचा उकार दुसरा – सूत, मूल, फूल, दूध. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द तेवढा अपवाद. दोऱ्यांच्या गोदामात बसून अपवाद कोण शोधतो?

खर्डा बरा झालाय. दोन पानांत बसेल.

१८ फेब्रुवारी

कागद आला. गाठ साधीच!

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, आता तरी आभार घ्या. त्या म्हणाल्या, "कागदाचे माना." कागदाचेही मानले. मग दूधवाल्याला, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला, सगळ्यांना उगाच "थँक यू" म्हणत सुटले. शेजारीण घाबरली. मी असं काही बोलते ह्याची तिला सवय नाही.

१९ फेब्रुवारी

वन्सं येऊन गेल्या. ह्यांची थोरली बहीण. वय झालंय, पण जिभेचं नाही.

आल्या त्याच त्याच्या खोलीत. "काय रे, बोलत का नाहीस आत्याशी?" मी सांगितलं, बंदी आहे. "एवढंसं बोलला तर काय होतंय?" वन्सं, एवढंसंही नाही. मग त्यांनीच एकटीने भरपूर बोलून घेतलं. त्याने मान हलवून हलवून सगळ्याला होकार दिला. बिचारा.

जाताना स्वयंपाकघरात आल्या. आवाज खाली आणला – म्हणजे शेजारच्या घरात तेवढा गेला नसेल.

"अजून बाईच म्हणतो गं तुला?"

"हो."

"हौसेने वाढवलंस. त्याच्या तापात जागलीस, फिया भरल्यास, भाऊ गेल्यावर त्याने दुकान विकून गिटारी घेतल्या तेव्हाही ब्र काढला नाहीस. आणि तो जगाला गाणी ऐकवतो, तुला एक शब्द देत नाही. मी असते ना, तर कान धरून म्हणायला लावलं असतं."

"वन्सं, कान धरून पाढे म्हणून घेतात."

"तू म्हणजे ना –"

त्यांना रिक्षेपर्यंत सोडून आले. परत आले तर स्वारी स्वयंपाकघरात, वन्संची कपबशी विसळत उभी. खोली आणि स्वयंपाकघर ह्यांच्यात एक पातळ भिंत आहे. मी कपबशी पुसून ठेवली. त्याने फोन पुढे केला नाही.

वन्संचा राग येत नाही. त्यांच्या परीने माझीच बाजू घेतात. लग्न झालं तेव्हा ह्या घरात माझ्या बाजूने बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. "शिकलेली आहे, पोराला वळण लावेल," म्हणाल्या होत्या. हे मी विसरत नाही.

२१ फेब्रुवारी

दोन्ही पानं त्याला वाचून दाखवली. समोर बसून नीट ऐकलं. गोदामाच्या वर्णनाला हसला. जाड्याच्या इंग्रजी नावाला हसला. शेवट असा केलाय – "ही एका घाईतल्या ब्रशची चूक. पंचवीस वर्षांनी का होईना, ती सुधारता आली ह्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे."

त्याने मान हलवली. नाही.

"काय नाही? लांबलं?"

नाही.

"तुझ्या वडिलांवर कमी झालं?"

नाही.

"मग शुद्धलेखन तुला करायचं नाही का? उद्या पोरं पुस्तकात तुझं नाव वाचतील. मास्तर फळ्यावर काय लिहील?"

फोन घेतला. बराच वेळ बोट तसंच वर धरून बसला. मग टाइप केलं – "नंतर."

"नंतर म्हणजे? छापून झाल्यावर?"

पुन्हा तोच फोन, तोच शब्द. बोटाने त्याच्यावर दोनदा टकटक केलं आणि मग स्वतःच्या गळ्यावर टकटक केलं.

म्हणजे बोलता यायला लागल्यावर सांगेन. टाइप करायला काय हरकत आहे, देव जाणे. मोठ्या माणसांचे नखरे. आवाज आलाच नाही तर? – हे मी अर्थात बोलले नाही. त्याच्या डोळ्यांत मात्र ते होतंच, मी बोलायची गरज नव्हती.

२२ फेब्रुवारी

ढोलक्या रोज येतो. त्याचे मी काय म्हणून उपकार फेडू? इतकं बोलणारा माणूस, पण इथे आला की तासभर गप्प बसतो – त्याला बंदी नसताना. दोघं डायनिंग टेबलाशी बसतात. आज ढोलक्याने बोटांनी टेबलावर हळू ठेका धरला. स्वारीने चमच्याने त्यात एकेक ठोका टाकला. मी भाजी चिरत होते. माझी सुरी कधी त्यांच्यात गेली कळलं नाही. ढोलक्या म्हणाला, "बाई, तुम्ही तालात आहात. बँडमध्ये जागा आहे." मी म्हटलं, "तुझी रिकामी झाली की कळव."

मग उकाराचं काढलं. ढोलक्या म्हणाला, "मी केली सही. मला काय, दुसरा तर दुसरा. नाहीतरी त्याच्या ब्रशची चूक –"

स्वारीने खुर्चीवरची उशी फेकून मारली. चांगली जोरात.

"अरे! मी काय केलं?"

तो उठून खोलीत गेला, दार लोटलं.

ढोलक्या जिन्यापर्यंत जाऊन परत फिरला. "बाई, खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाल्या? गाता नाही आलं तर?"

"त्या म्हणाल्या, आत्ता विचारू नका."

"मी पण तेच म्हणतो स्वतःला," तो म्हणाला. "पण विचारतोच." एवढा धिप्पाड माणूस. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तर माझ्या पदराकडे बघायला लागला. मी भांडी पुसायचं फडकं दिलं.

२४ फेब्रुवारी

घर शांत आहे, पण रिकामं नाही. हे मला फार दिवसांनी मिळतंय.

त्याने स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. माळ्यावरची खोकी उतरवून पुसून परत लावली. वाटाणे सोलतो – सोललेले निम्मे खातो. दुपारी मी शब्दकोडं सोडवते, तो आडव्या ओळीतला अडलेला शब्द बोटाने दाखवतो. बहुतेक चुकतो. गेली कितीतरी वर्षं हा मुलगा माझ्याकडे दोन तासांसाठी यायचा, त्यातला एक फोनवर जायचा. आता बसतो. जेवतो. माझ्या हातच्या मऊ भाताला तक्रार नाही – करताच येत नाही!

आजाराचे आभार मानावेत का? मानले. चुकलं असेल तर असो.

दुपारी त्याच्या खोलीत टॉवेल ठेवायला गेले. दार अर्धं उघडं. तो आरशासमोर उभा होता. तोंड पूर्ण उघडलेलं, मान किंचित मागे, एक हात असा वर – मैदानात शेवटची ओळ गाताना करतो तसा. आवाज मात्र काहीच नाही. श्वास आणि ओठ. संपूर्ण कडवं त्याने तसं म्हटलं. मग आरशावरून बोट फिरवून धूळ पुसली, तिथे धूळ नव्हती.

मी टॉवेल घेऊन परत आले.

देवाकडे मी सहसा काही मागत नाही. पेपर चांगला गेला की निकाल चांगला लागतो, ह्या मताची मी. आज मागितलं.

२५ फेब्रुवारी

कंपनीतली मुलगी – उद्या संध्याकाळपर्यंत शेवटचं सांगा, पाठ्यपुस्तकवाले थांबत नाहीत, ओके?

त्याला विचारलं. फोन पुढे आला – "उद्या". उद्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय.

२६ फेब्रुवारी

सकाळी दवाखान्यात. नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर दाखवलं. दोन पांढरट पट्ट्या, उघडतात, मिटतात. एवढ्याशा दोन पट्ट्यांवर इतक्या लोकांची संध्याकाळ अवलंबून असते! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम छान भरली आहे. आता ओठ मिटून 'म'. हळू. ओढायचं नाही."

पहिल्यांदा नुसता वारा आला. त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. मी छताकडे पाहत बसले.

"पुन्हा. घाई नाही."

"म्म्."

आला. कोरडा, सर्दी झालेल्या मुलाचा असतो तसा, पण आला. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "तंतू पूर्ण मिटतायत. आज एकच शब्द, बस्स. उद्यापासून थोडी वाक्यं. गाण्याचं काही महिन्यांनी बोलू – पण आता ते बोलायला हरकत नाही असं मला वाटतं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप. मी त्यांचा हात धरला. ह्या खेपेस त्यांनी आभार घेतले.

परतताना रिक्षेत तो गप्प. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. ढोलक्याशी फोनवर एक शब्द बोल म्हटलं. मान हलवली. शब्द राखून ठेवत होता.

संध्याकाळी ढोलक्या घरी. जाड्या परगावाहून फोनवर. आणि बरोबर तेव्हा कंपनीतल्या मुलीचा फोन. मी तो स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"मॅडम, काय ठरलं? मी ओपन करून बसलेय फाइल."

स्वारी समोर बसली होती, पाण्याचा ग्लास हातात. मी पाहिलं त्याच्याकडे. काही हालचाल नाही. मला वाटलं, मूक संमती. म्हटलं, "लिहून घे. स-ला उकार दुसरा –"

"पहिला."

क्षणभर कळलंच नाही आवाज कुठून आला. ढोलक्या खुर्चीतून अर्धा उठलेला. त्या आवाजाला धार नव्हती, खरखर होती, पण शब्द स्पष्ट, एकेक अक्षर.

"हॅलो? कोण बोललं? मॅडम?"

"उद्या कळवते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ढोलक्या गॅलरीत जाऊन रडून घेतो आहे, जाड्या फोनवर "काय झालं, काय झालं" ओरडतो आहे, आणि मी – मला आनंद व्हायला हवा होता, झालाही – पण वर रागही. इतके दिवस तोंड मिटून बसला. सगळ्या भाषेतून एक शब्द बोलायची मुभा मिळाली. आणि तो खर्च केला माझी चूक काढण्यात!

"का?" मी विचारलं.

त्याने गळ्यावर बोट ठेवलं. आजचा कोटा संपला. उद्या.

ठीक. उद्या. आवाज आला, मी आज काहीही सोसू शकते. डॉक्टरीणबाई, कागद, ढोलक्या, वन्सं, दवाखान्याखाली आमच्यासाठी थांबून राहिलेला रिक्षावाला – सगळ्यांचं बरं होवो.

२७ फेब्रुवारी

सकाळी चहाला बसलो. मी म्हटलं, "पहिला उकार म्हणजे शब्द वेगळा झाला. सुत म्हणजे मुलगा. त्या प्राध्यापकाचंच खरं म्हणायचं? वडिलांचा?"

त्याने मान हलवली. कप खाली ठेवला.

"बाईंचा," तो म्हणाला. थोडं थांबून, जपून – "पाचवीत समानार्थी शब्दांत तुम्हीच दिला होतात. तोंडाने म्हणवेना, म्हणून लिहिलं."

दोन्ही पानं फाडली. कंपनीला कळवलं – उकार पहिलाच ठेवा. मुलाने बरोबर लिहिलं होतं.